गळ्यातली माळ आणि जनरलची सही

2021 चा जून महिना. रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या लष्करी प्रशिक्षणतळावर आम्हा साठ-सत्तर नव्या पोरापोरींना बसमधून उतरवून एका लांबलचक हॉलमध्ये रांगेत उभं केलं होतं. समोर टेबलं मांडलेली. खिशातलं, पिशवीतलं सगळं त्यावर ओतायचं: मोबाईल, च्युइंगम, डोकेदुखीच्या गोळ्या, चिठ्ठ्याचपाट्या. सार्जंट एकेकापाशी थांबत पुढे येत होता. माझ्यापाशी आला आणि त्यानं गळ्याकडे बोट केलं.

"नेकलेस काढ."

"सार्जंट, ही धार्मिक माळ आहे."

"धार्मिक पदक असेल तर डॉग टॅगच्या साखळीत अडकव. गळ्यात दिसणारी माळ चालत नाही. काढ."

डॉग टॅग म्हणजे सैनिकाच्या गळ्यातला ओळखीचा पत्रा. त्याचा आवाज चढला नव्हता. माझ्या मागे अजून पन्नास जण ताटकळत होते आणि त्याला त्याचं काम उरकायचं होतं. मी माळ काढली, रुमालात गुंडाळली. नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती बंद झाली. मान इतकी मोकळी वाटली की मी झोपेतसुद्धा हात लावून बघत होते.

आमचं मूळ गाव वेळापूरजवळ. माउलींची पालखी दरवर्षी दारावरून जाते. घरात चार पिढ्या माळकरी. मी बारा वर्षांची असताना आजीनं मला पंढरपूरला नेलं, चंद्रभागेत माळ भिजवली आणि नामदेव पायरीपाशी माझ्या गळ्यात घातली. मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी करायची, हरिपाठ म्हणायचा आणि माळ उतरवायची नाही. तुटलीच तर ओवून परत गळ्यात घातल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर मी न्यू जर्सीला आले. शाळेत, व्हॉलिबॉलच्या संघात, किराणा दुकानातल्या नोकरीत माळ कायम गळ्यात होती. कुणी विचारलं तर मी सांगायचे, बस्स. परवानगी मागायची असते हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी जेवले नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. हट्ट म्हणून नव्हे, घास तोंडापर्यंत जाईचना. पाणी पीत होते. पण तिथे जूनच्या उन्हात न जेवणारी रिक्रूट म्हणजे चक्कर येऊन पडणारी रिक्रूट, आणि सार्जंट लोक ताटांवर बारीक लक्ष ठेवून असतात. संध्याकाळी मला चॅप्लिनकडे पाठवलं. चॅप्लिन म्हणजे लष्करातला धर्मगुरू, अधिकारी दर्जाचा. हे गृहस्थ बॅप्टिस्ट पंथाचे होते आणि तुळस हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. त्यांनी दोन गोष्टी केल्या. माळ पिशवीतून काढून माझ्या हातात दिली, खिशात ठेवायला. आणि स्वतःच्या टेबलावरचा फोन पुढे सरकवला.

वेळापुरात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आजी जागी होतीच.

"माळ खिशात हाय नव्हं?" ती म्हणाली. "मग जेव. उपाशी लेकराकडनं पांडुरंग काय मागत न्हाई. काम झालं की गळ्यात घाल. सोडू नगंस."

मी जेवले. दहा आठवडे माळ डाव्या छातीच्या खिशात राहिली. हीच गोष्ट पुढे दीड वर्षानं माझ्यासमोर प्रश्न होऊन उभी राहणार होती.

प्रशिक्षण संपलं, वाहन मेकॅनिकचा कोर्स झाला, पहिल्या युनिटमध्ये मोटर पूलला, म्हणजे लष्करी गाड्या ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या आवारात, नेमणूक मिळाली. तिथे माळ परत गळ्यात घातली. गणवेशाच्या आत न दिसणारी धार्मिक वस्तू चालते, नियमच तसा आहे. पण आमची माळ गळ्यालगत असते. तपकिरी टीशर्टच्या गळपट्टीच्या वर दोन-तीन मणी दिसायचेच. कित्येक महिने कुणी काही बोललं नाही. मग एके सकाळी नव्यानं आलेल्या एका वरिष्ठानं सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय घातलंयस? हिप्पी आहेस का?" चारदोन जण हसले. त्याच दुपारी मला लेखी समज मिळाली: गणवेशात न शोभणारा दागिना.

त्या कागदाच्या मागच्या बाजूवर मी धार्मिक मुभेच्या अर्जाचा पहिला मसुदा लिहिला.

ही प्रक्रिया कशी चालते ते सविस्तर सांगते. मला तेव्हा मराठीतून सांगणारं कुणी नव्हतं आणि भरती होणारी आपली पोरं आता वाढतायत. अर्ज म्हणजे एक साधा मेमो. तुमची श्रद्धा काय, लष्कराचा कोणता नियम तिच्या आड येतो आणि तुम्हाला नेमकी कोणती सूट हवी, एवढंच त्यात लिहायचं. मग चॅप्लिन मुलाखत घेऊन आपलं टिपण जोडतात. कंपनी कमांडर शिफारस करतो किंवा विरोध नोंदवतो. तिथून बटालियन, ब्रिगेड, लष्करी वकील आणि शेवटी जनरल. मधल्या कुणाला नाकारायचा अधिकार नाही, फक्त मत द्यायचं. या सगळ्याच्या पायाशी 1993 चा कायदा आहे. तुमची श्रद्धा प्रामाणिक असेल आणि सरकारी नियमानं तिच्यावर मोठा भार येत असेल, तर तो नियम तुमच्यावर लादणं अत्यंत गरजेचंच आहे आणि त्याहून कमी जाचक दुसरा मार्ग नाही, हे सरकारनं दाखवायचं.

हा हक्क आयता मिळालेला नाही. सिम्चा गोल्डमन हे एअर फोर्समधले मानसशास्त्रज्ञ, ज्यू धर्मगुरूही. इस्पितळात काम करताना डोक्यावर यार्मुल्का, म्हणजे ती छोटी गोल टोपी, घालायचे. वर्षानुवर्षं कुणाचं काही म्हणणं नव्हतं, मग एकदा तक्रार झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1986 साली पाच विरुद्ध चार अशा फरकानं ते हरले. लष्कराच्या शिस्तीत आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असा कोर्टाचा सूर होता. पण दुसऱ्याच वर्षी अमेरिकी संसदेनं कायदा केला: नीटनेटकी आणि साधी धार्मिक वस्तू गणवेशात घालता येईल, फक्त कामात अडथळा नको. कोर्टात हरलेल्या माणसामुळे कायदा बदलला. पुढे शिखांनी तीच वाट रुंद केली. 2009 साली डॉक्टर असलेल्या कमलजीत सिंग कलसी यांना केस, दाढी आणि पगडीसह सेवेची मुभा मिळाली, तीही त्यांच्या एकट्यापुरती. 2017 च्या जानेवारीत लष्करानं अशा परवानग्या ब्रिगेडच्या पातळीवर देण्याचा आदेश काढला. आणि माझा अर्ज जायच्या काही महिने आधी, 2022 च्या फेब्रुवारीत, वायोमिंगमधल्या वॉरन तळावरच्या दर्शन शाह या एअर फोर्सच्या जवानाला गणवेशात टिळा-चांदला लावायला परवानगी मिळाली होती. ती बातमी मी छापून अर्जाला जोडली. त्याच्या कपाळावरचा तो टिळा बघून मला किती बळ आलं, हे त्याला कधीच कळणार नाही.

मुलाखत झाली ती नव्या युनिटच्या चॅप्लिनकडे. पन्नाशीचे कॅथलिक पाद्री. सुरुवातीलाच म्हणाले, "एरवी तू मला जे सांगशील ते माझ्यापाशीच राहतं, कुणीही ते माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आजचं मात्र तसं नाही. आज तू बोलशील ते मी वर लिहून पाठवणार आहे. चालेल?" मी हो म्हटलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळले.

"माळकरी म्हणजे काय?"

कसं सांगायचं? इंग्रजीत मंक म्हटलं तर संसार सोडलेला वाटतो. आमचे माळकरी तर नांगर धरतात, एसटी चालवतात, लेकीबाळींची लग्नं लावतात. मी सांगितलं, दरवर्षी लाखो माणसं अडीचशे किलोमीटर चालत एका देवाला भेटायला जातात, आणि जाऊन त्याच्याकडे मागतात काय, तर काहीच नाही. पायरीवर डोकं टेकवतात आणि परत फिरतात. उरलेलं वर्षभर ती वाट अंगावर राहावी म्हणून माळ.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "कमांडरनं इंटरनेटवर पाहिलंय की हिंदूंना माळ सक्तीची नाही."

"बरोबर आहे. मला आहे."

"आणि बेसिक ट्रेनिंगमध्ये दहा आठवडे तू ती खिशात ठेवलीस. जेवलीस, धावलीस, नेमबाजी केलीस. मग भार किती मोठा म्हणायचा?"

हाच तो प्रश्न. हुकूम मानला म्हणून श्रद्धा कच्ची ठरते, आणि हुकूम मोडला असता तर सैनिक म्हणून मी कच्ची ठरले असते. मी काही क्षण गप्प राहिले. मग आजीचा फोन, दोन जेवणं, रात्री झोपेत मानेवर जाणारा हात, सगळं सांगितलं. म्हणाले, "फादर, ते दहा आठवडे मी निभावले कारण आजीनं मला उसनी सूट दिली होती. ती परत करायचीय."

त्यांच्या टिपणात शेवटी एक वाक्य होतं: अर्जदाराची श्रद्धा प्रामाणिक आहे याबद्दल मला शंका नाही. मी तो कागद अजून जपून ठेवलाय.

अर्ज दोनदा परत आला. एकदा एक सही राहिली म्हणून. दुसऱ्यांदा आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांनी दिलेलं पत्र मराठीत होतं म्हणून. मी भाषांतर जोडलं, तर अर्जदाराचं स्वतःचं भाषांतर चालणार नाही असा शेरा आला. शेवटी न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी ते करून दिलं आणि त्यांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. दरम्यान नियमाप्रमाणे माळ खिशात. हे लिहिताना सोपं वाटतं. रोज सकाळी साडेपाचला आरशासमोर उभं राहून गळ्यातली माळ काढायची आणि रात्री परत घालायची, असे पाच महिने गेले.

कंपनी कमांडरचा आक्षेप मात्र खरा होता, आणि तो त्यांनी सरळ मांडला याबद्दल मला त्यांचा आदर आहे. मेकॅनिक बाई फिरत्या शाफ्टवर, पंख्याच्या पट्ट्यावर वाकलेली असते. गळ्यातलं काहीही अडकलं तर मान जाते. अंगठी अडकून बोटं गेलेली माणसं मोटर पूलमध्ये सगळ्यांनी पाहिलेली असतात. मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अगं, तुझी माळ नायलॉनच्या दोऱ्यात आहे, मीच ओवली. आजीच्या माळा सुताच्या असायच्या." त्यांनी आठवड्याभरात दोन माळा साध्या सुती दोऱ्यात ओवून पाठवल्या. मी आमच्या सेफ्टी सार्जंटकडे गेले, मासे तोलतात तसला हुकाचा काटा घेऊन. माळेचं एक टोक व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, दुसरं काट्याच्या हुकात. त्यानं ओढलं. काटा थोडा पुढे सरकतो न सरकतो तोच दोरा तुटला आणि मणी काँक्रीटवर टपटप उड्या मारत जॅकखाली, टायरमागे गेले. तिथले सहा जण हातातली कामं सोडून गुडघ्यावर बसले आणि मणी वेचू लागले. त्यात मला हिप्पी म्हणणारे वरिष्ठही होते. त्यांनी शेवटचा मणी ऑइलच्या ट्रेमधून काढला, फडक्यानं पुसला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला.

माळ तुटली होती. त्या दुपारी ती ओवून होईपर्यंत मी जेवले नाही. कुणाला सांगितलं नाही, पण सेफ्टी सार्जंटच्या लक्षात आलं असावं, कारण त्याच्या अहवालात दोऱ्याबद्दल चांगला अर्धा परिच्छेद होता. कमी जाचक मार्ग म्हणजे काय, हे मला वकिलांच्या मेमोपेक्षा त्या सुती दोऱ्यानं समजावलं.

2023 च्या वसंतात परवानगी आली. दीड पान. एकेरी माळ, गळ्यालगत, लाकडाच्या मूळ रंगाची, सहज तुटेल अशा दोऱ्यात. गॅस मास्कच्या बसण्यात अडथळा आला किंवा विशिष्ट धोका असला, तर कमांडर तेवढ्यापुरती काढायला सांगू शकतो. खाली जनरलची सही. बदली झाली तरी ती लागू राहते, म्हणून तिची प्रत कायम बॅगेत असते. आजीला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. तिनं विचारलं, "ह्यो कोण सायब?" मी म्हटलं, जनरल. ती म्हणाली, "त्येला पेढं धाड."

जेवणाचं फार नवल नाही. मैदानी सरावात मिळणाऱ्या तयार जेवणाच्या चोवीस प्रकारांत चार शाकाहारी असतात. बाराच्या खोक्यात दोन. ती दोन पाकिटं आधी हाताला लागली पाहिजेत एवढंच, आणि माझ्या टोळीतली पोरं आता न सांगता ती माझ्याकडे फेकतात. एकादशीला पीनट बटरचं पाकीट. शेंगदाणे उपासाला चालतात, आणि एवढ्यावर पांडुरंग भागवून घेतो असं मी धरून चालते. डॉग टॅगवर माझा धर्म हिंदू असा ठसठशीत उमटवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या पत्र्यावर तीनच अक्षरं चालायची: पी, सी आणि एच. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि हिब्रू, म्हणजे ज्यू. बाकीच्यांना अक्षरच नव्हतं.

माझं काम झाल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. क्वीन्सचा एक गयानीज हिंदू, एक नेपाळी, हिजाबसाठी अर्ज करू पाहणारी एक सोमाली मुलगी. आणि ओरेगॉनचा एक पोरगा, ज्याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही. तो म्हणाला, "प्रशिक्षणात रविवारी सकाळी बाकीचे चर्चला जायचे आणि जे जात नाहीत ते संडास घासायचे. मी तीन रविवार घासले, चौथ्या रविवारी चर्चला गेलो. अजून स्वतःचा राग येतो." आता कमांडर बदलाच्या समारंभात प्रार्थनेला मान खाली घालायची सूचना होती आणि त्याला ती घालायची नव्हती. इथे क्षणभर मी चाचरले हे कबूल करते. देव न मानणाऱ्यासाठी मी कशाला भांडू? पण त्याच्या आवाजात मला माझा दहा आठवड्यांचा खिसा ऐकू आला. आम्ही फादरकडे गेलो. ते म्हणाले, "मी याचाही चॅप्लिन आहे," आणि सूचनेतला शब्द बदलून घेतला. समारंभाच्या दिवशी निवेदकानं सगळ्यांना फक्त उभं राहायला सांगितलं. प्रार्थना सुरू झाली, मी मान लववली, तो माझ्या शेजारी सरळ समोर बघत ताठ उभा होता.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना हे सगळं पटत नाही. भारतीय सैन्यात मंदिर परेड असते, सर्वधर्मस्थळ असतं, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू सैन्यच नेमतं आणि पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांचं प्रशिक्षण होतं. मामा म्हणतात, "पलटणीचा देव तो जवानाचा देव. मी गुरुद्वारात डोकं टेकलंय, पीराला चादर घातलीय. माझं काय कमी झालं?" त्यांच्या त्या मोठेपणापुढे मी नमते. पण 2025 च्या नोव्हेंबरात सॅम्युअल कमलेसन या भारतीय सैन्यातल्या ख्रिस्ती अधिकाऱ्याची याचिका भारताच्या सुप्रीम कोर्टानं फेटाळली, तेव्हा आमचा तासभर वाद झाला. कमलेसन आपल्या जवानांबरोबर मंदिर-गुरुद्वारापर्यंत जात, पण गाभाऱ्यात जाऊन पूजा करायला त्यांनी नकार दिला, म्हणून 2021 साली त्यांना बडतर्फ केलं होतं. मामांचं म्हणणं, अधिकारी जवानांपासून वेगळा उभा राहिला तर लढाईत त्याच्यामागे कोण जाईल? घटनेचं कलम 33 सैन्यासाठी मूलभूत हक्कांना मुरड घालू देतं, तेही त्यांना पाठ आहे. मी म्हटलं, मामा, स्वखुशीनं टेकलेलं डोकं आणि हुकमानं टेकवलेलं डोकं यात फरक आहे. तुमचं पहिलं होतं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गळ्यात आहे ना माळ? मग झालं." आणि फोन ठेवला.

2025 च्या सप्टेंबरअखेरीस क्वांटिकोच्या लष्करी तळावर जमलेल्या जनरलांसमोर अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी दाढ्यांचे दिवस संपल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मोटर पूलमधला शीख मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याची परवानगी तीन वर्षांपूर्वीची, रीतसर सहीची. तरी त्याचा चेहरा उतरला होता. त्या संध्याकाळी आम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची सगळी कागदपत्रं पसरली: चॅप्लिनचं टिपण, मास्क नीट बसतो याच्या चाचणीचा कागद, ग्रंथींचं पत्र, या खेपेला इंग्रजी भाषांतरासह. प्रत्येकाच्या तीन प्रती काढल्या. मी त्याला विचारलं, मास्कची चाचणी किती जुनी आहे? दोन वर्षं, म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी सकाळी पहिलं काम, नवी करून घे, आणि मी येते बरोबर.